नगरची लूना

अहिल्यानगरात दौंड रस्त्याच्या बाजूला किनेटिक चौक आहे. ज्या कारखान्यावरून चौकाला हे नाव पडलं, त्याच कारखान्यातून १९७२ साली लूना ही मोपेड रस्त्यावर आली. नगरची ओळख सांगताना आपण भुईकोट किल्ला सांगतो, चांदबीबी सांगतो, साखर कारखाने सांगतो. लूना मात्र सांगायची राहून जाते, याचं मला वाईट वाटतं.

फिरोदिया घराणं नगरचं. भाऊसाहेब म्हणजे कुंदनमल फिरोदिया वकील होते. मुंबई विधानसभेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवलं. त्यांच्या नावाची शाळा आजही शहरात भरते. त्यांची मुलं मात्र यंत्रांकडे वळली. नवलमल आणि हस्तीमल या दोघा भावांनी रिक्षा आणि टेम्पो या देशात रुजवले. पुढे हस्तीमल यांनी किनेटिक इंजिनिअरिंग उभी केली. मुंबईच्या आयआयटीत आणि नंतर अमेरिकेत एमआयटीत शिकून आलेला मुलगा अरुण त्यांच्या जोडीला उभा राहिला.

तो काळ परवान्यांचा. स्कूटरसाठी नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. नंबर लागला तरी किंमत मास्तरांच्या, कारकुनांच्या, कंपाउंडरच्या आवाक्याबाहेर. त्यांच्याकडे सायकल होती आणि पाय होते. सायकल आणि स्कूटर यांच्या मधल्या या माणसासाठी बापलेकांनी गाडी काढली. इटलीच्या पियाजिओ कंपनीची चाओ ही मोपेड डोळ्यासमोर होती, पण गाडी चालायची होती आपल्या खडीच्या रस्त्यावर.

ज्यांच्या घरी लूना होती त्यांना सगळं आठवत असेल. गाडी स्टँडवर चढवायची, मूठ पिळायची आणि सायकलीसारखे पायडल मारायचे. चार-सहा फेऱ्यांत इंजिन फटफटू लागायचं, मागून निळसर धूर निघायचा. ५० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, त्यामुळे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घ्यावं लागे. गिअर नाही, म्हणून शिकायलाही फारसं काही नाही. सायकल येत असली की लूना आली! पेट्रोल संपलं तर पायडल मारत घरी. चढावर गाडी दमली की दोन पायडल मारून तिला हात द्यायचा, म्हणजे पाय द्यायचा. मधला भाग खाली असल्यामुळे साडी नेसलेली बाई सहज बसू शके. माझ्या मते लूनाचं सगळ्यात मोठं काम हेच. लहान गावातल्या कितीतरी शिक्षिका, नर्सबाई यांना कुणी सोडायला येण्याची वाट पाहावी लागेना. गिअर नसलेल्या ५० सीसीच्या गाडीला सोळाव्या वर्षी लायसन मिळतं, त्यामुळे कॉलेजची पोरंही तिच्यावर. दूधवाल्यांनी कॅन लटकवले, पाववाल्यांनी पेट्या बांधल्या. पुढे जाहिरातीने तिचं नाव देशभर घरोघरी नेलं.

१९८४ साली होंडाशी भागीदारी झाली आणि बटणावर सुरू होणारी किनेटिक होंडा आली. ती भागीदारी १९९८ मध्ये संपली. बाजार मोटरसायकलींकडे वळला, लूनाही थांबली. २००८ मध्ये दुचाकीचा धंदा महिंद्रकडे गेला. पण नगरचा कारखाना चालू राहिला, इतर कंपन्यांसाठी वाहनांचे भाग बनवत. गाजलेलं नाव गेल्यावरही यंत्रं फिरती ठेवणं सोपं नसतं. मला या घराण्याचा सगळ्यात जास्त आदर वाटतो तो त्या वर्षांसाठी.

आता तिसरी-चौथी पिढी कामाला लागली आहे. अरुण फिरोदियांच्या कन्या सुलज्जा फिरोदिया मोटवानी यांच्या किनेटिक ग्रीनने फेब्रुवारी २०२४ मध्ये ई-लूना आणली. धूर नाही, पायडलही नाहीत, पण दीडशे किलो वजन वाहण्याची ताकद आहे. म्हणजे गिऱ्हाईक तेच, पोटासाठी सामान वाहणारा माणूस. तिच्या सांगाड्याचं काम नगरच्याच किनेटिक इंजिनिअरिंगकडे आलं.

आपल्या शहरात रणगाड्यांचं संग्रहालय आहे आणि ते पाहायला लांबून लोक येतात. तशीच एक जुनी, चालू स्थितीतली लूना शहरात लोकांना पाहायला ठेवली पाहिजे. तुमच्या वाड्यात, गोठ्यात किंवा जिन्याखाली एखादी धूळ खात पडली असेल, तर कृपा करून भंगारवाल्याला देऊ नका.