डॉक्टरीण झाली, पुढे काय?

तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार परवा रक्तदाब दाखवायला आले होते. मुलगी एम.बी.बी.एस.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला सर्जरी घ्यायची आहे आणि पुढे मेडिकल कॉलेजातच शिकवायचे आहे. "डॉक्टर, बाईमाणसाला झेपंल का? त्यापरीस बाळंतपणाचा दवाखाना काढला तर काय वाईट?" रक्तदाब बहुधा याच काळजीने वाढला असावा! हा प्रश्न बऱ्याच पालकांना पडतो, म्हणून आज आजार बाजूला ठेवून डॉक्टरांविषयीच लिहितो.

वाचकहो, आधी वयाचा हिशेब पाहा. 18 व्या वर्षी प्रवेश, साडेचार वर्षे अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप, मग तीन वर्षे एम.डी. किंवा एम.एस. म्हणजे 27 वर्षे झाली. त्यानंतर एक वर्ष सीनियर रेसिडेंट, मग सहायक प्राध्यापक. तेथून सहयोगी प्राध्यापक व्हायला चार वर्षे, प्राध्यापक व्हायला आणखी तीन. शिवाय शोधनिबंध छापून यावे लागतात. सगळे सुरळीत झाले तरी पस्तिशी उजाडते. आणि पस्तिशीनंतरच्या गरोदरपणात रक्तदाब, मधुमेह, बाळातील गुणसूत्रांचे दोष यांचा धोका वाढतो, हे आम्ही डॉक्टरच रुग्णांना सांगतो. बढतीची वर्षे आणि बाळंतपणाची वर्षे तीच. त्याच वर्षांत पुरुष डॉक्टर रात्री बसून निबंध लिहितो, तेव्हा त्याच्या घरातले तान्हे दुसरेच कोणीतरी सांभाळत असते. मुली हुशारीत कमी पडतात म्हणून विभागप्रमुखाच्या खुर्चीपर्यंत पोहोचत नाहीत, हे मला मान्य नाही.

ज्या पोहोचल्या त्यांनी काय केले ते पाहा. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये आशियातील पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. ज्या आईला दूध जास्त येते तिने ते स्वखुशीने द्यायचे. तिची रक्ततपासणी होते, दूध 62.5 अंश सेल्सिअसला 30 मिनिटे तापवून जंतुरहित करतात आणि गोठवून ठेवतात. अपुऱ्या दिवसांच्या, स्वतःच्या आईचे दूध न मिळणाऱ्या बाळांना ते देतात. बाटली आणि डब्याच्या दुधाने होणारा जंतुसंसर्ग त्यामुळे टळतो. त्याच रुग्णालयाच्या अधिष्ठाता राहिलेल्या बालशल्यचिकित्सक डॉ. स्नेहलता देशमुख 1995 ते 2000 या काळात मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या. विद्यार्थ्याच्या कागदपत्रांवर वडिलांच्या बरोबरीने आईचेही नाव आणण्याचा निर्णय त्यांचा. 2011 साली आपल्या सातारा जिल्ह्यात अडीचशेहून अधिक 'नकुशां'ना समारंभपूर्वक नवी नावे द्यावी लागली होती. अशा मुलखाला त्या निर्णयाचे मोल वेगळे सांगायला नको. 2024 मध्ये राज्य सरकारनेही शासकीय कागदपत्रांवर आईचे नाव बंधनकारक केले. देशमुखबाई त्याच वर्षी गेल्या.

2021 मध्ये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झालेल्या लेफ्टनंट जनरल डॉ. माधुरी कानिटकर याही बालरोगतज्ज्ञच. त्यांचे पतीही लेफ्टनंट जनरल. एकाच घरात दोघांची बढती होऊ शकते, हे तासगावच्या पाहुण्यांना मी मुद्दाम सांगितले. मात्र तिघीही लहान मुलांच्याच डॉक्टर, ही गोष्ट मला खटकते. अस्थिरोग विभागाची प्रमुख असलेली बाई इतक्या वर्षांत मला तरी भेटलेली नाही. मुलींना "तुला हे झेपणार नाही" असे घरात सांगतात आणि कॉलेजातही सांगतात. सर्जरीत ताकदीपेक्षा सराव आणि उभे राहण्याची सवय लागते. भाताची लावणी करणाऱ्या जावळीच्या बायकांना ती कोणी शिकवावी?

मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1962 पासूनचे, साताऱ्याचे 2021-22 मध्ये सुरू झालेले. मुलीला अशा कॉलेजात घालताना पालक वसतिगृह पाहतात, मेसचे जेवण चाखतात. पुढे तिने तेथेच नोकरी धरली तर आणखी एक चौकशी करा. 2017 च्या कायदादुरुस्तीने 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. ते कोठे आहे, रात्रपाळीत उघडे असते का, हे विचारून घ्या. आणि मुलाकडची स्थळे येतील तेव्हा त्यांनाही विचारा, तिची रात्रपाळी असेल तेव्हा बाळाकडे कोण पाहणार?