बेटाभोवतीची चौकट

सहलीहून परतल्यावर ‘काय काय पाहिले?’ असे आपण मुलांना विचारतो. ‘जे पाहिले ते तसे का आहे?’ हे विचारायचे मात्र बहुधा राहून जाते. आज हे दोन्ही प्रश्न बरोबर घेऊन आपण एका दिवसाची सहल करू या. अर्थात नकाशावर बोट ठेवून.

पॅसिफिक महासागरात, पॉलिनेशियातील ताहितीपासून सुमारे १७ किलोमीटरवर मोरेआ हे बेट आहे. येथे पाहुण्यांना थोडा वेळ जमिनीवरून आणि थोडा वेळ लगूनमधून फिरवतात. लगून म्हणजे बेटाचा किनारा आणि त्याभोवतीची प्रवाळभित्ती यांच्यामधले उथळ, शांत पाणी.

सकाळी बेल्वेदेर या उंच जागी जाऊ. समोर रोतुई डोंगर, डावीकडे ओपुनोहूचा उपसागर आणि उजवीकडे कुकचा. नाव उजवीकडच्याला मिळाले असले तरी कॅप्टन कुकने १७७७ मध्ये नांगर टाकला तो ओपुनोहूत. दूरवर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ दिसते. तीच प्रवाळभित्ती. १८३५ मध्ये ताहितीच्या डोंगरावरून हे बेट पाहताना डार्विनला ते चौकटीत बसवलेल्या चित्रासारखे वाटले होते.

पण ही चौकट किनाऱ्यापासून दूर का? मोरेआ हा १५ ते २० लाख वर्षांपूर्वीचा ज्वालामुखी आहे. भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांना सूर्यप्रकाश लागतो, म्हणून ते आधी किनाऱ्यालगत वाढले. पुढे बेट अतिशय सावकाश खचू लागले. प्रवाळ मात्र जुन्या सांगाड्यांवर नवे सांगाडे रचत वर येत राहिले. किनारा आत सरकला, भित्ती जागीच राहिली आणि मधल्या जागेत लगून तयार झाले. शेवटी डोंगर पूर्ण बुडाला की उरते ते कंकणद्वीप. डार्विनच्या या कल्पनेचा पक्का पुरावा १९५२ मध्ये मिळाला. एनिवेटॉक या कंकणद्वीपावर खोदताना सुमारे १४०० मीटर जाडीचा प्रवाळखडक लागला आणि त्याखाली ज्वालामुखीचा खडक! एवढ्या खोल अंधारात प्रवाळ वाढत नाहीत. म्हणजे तो तळच खाली गेला होता.

आता ओपुनोहूच्या खोऱ्यात उतरू. झाडीत दगडी चौथरे दिसतात. ही ‘मराए’, म्हणजे पूर्वजांच्या धर्मविधींची जागा. काही मराएंच्या बांधकामात आणि अर्पण केलेल्या वस्तूंत लगूनमधून आणलेले प्रवाळ सापडतात. आम्हा संशोधकांच्या दृष्टीने ते घड्याळच आहे. समुद्राच्या पाण्यात युरेनियम किंचित विरघळलेले असते, थोरियम जवळजवळ नसतेच. वाढताना प्रवाळाच्या सांगाड्यात युरेनियम शिरते आणि ठरावीक वेगाने त्याचे थोरियम होत जाते. दोन्हींचे प्रमाण मोजले की प्रवाळाचे वय कळते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा अभ्यासावरून दिसले, की मोरेआवरील साध्या मराएंपासून पायऱ्यापायऱ्यांच्या भव्य वेदींपर्यंतचा बदल साधारण १६२० ते १७६० या काळात, म्हणजे फार तर १४० वर्षांत घडला. लिपी नसलेल्या काळाचा इतिहास असा लगूनने जपून ठेवला.

दुपारी होडीत बसू. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, कारण चंद्रामुळे ती रोज पुढे सरकते. येथे तो हिशोब लागू पडत नाही. महासागरात काही बिंदू असे आहेत की चंद्रामुळे येणारी भरतीची लाट त्यांच्याभोवती फिरते, पण तेथे पाणी फारसे चढत-उतरत नाही. ताहिती आणि मोरेआ अशाच एका बिंदूजवळ आहेत. त्यामुळे उरते ती मुख्यतः सूर्याची लहानशी भरती, सुमारे एक फुटाची. तीही रोज दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास!

मग लगूनचे पाणी बदलते कसे? लाटा भित्तीवरून पाणी आत लोटतात आणि ते भित्तीतल्या खिंडींमधून बाहेर पडते. खिंडी बहुतेक उपसागरांच्या समोरच आहेत, कारण नद्यांचे गोडे पाणी आणि गाळ प्रवाळांना मानवत नाही.

म्हणजे होडीची वाट, शांत पाणी, मासे, मराएचे घड्याळ हे सारे त्या जिवंत भित्तीवर अवलंबून आहे. २००६ ते २०१० या काळात प्रवाळ खाणारे काटेरी तारामासे आणि २०१० चे ‘ओली’ चक्रीवादळ यांनी मोरेआच्या बाहेरच्या उतारावरील बहुतेक प्रवाळ नष्ट केले. सुमारे दहा वर्षांत ते पुन्हा उभे राहिले, तोच २०१९ मध्ये तापलेल्या पाण्याने त्यांना पांढरे पाडले. सावरायला सवड मिळाली तरच भित्ती वाढते.

हे वर्गात दाखवता येईल. परातीत मातीचा डोंगर करून पायथ्याशी शाडूचे कडे बसवा. थोडे थोडे पाणी ओता आणि दर वेळी कड्यावर शाडूचा नवा थर द्या. डोंगर बुडत जाईल, कडे पाण्यावर राहील. मग शाडू देणे थांबवा, पाणी ओतणे मात्र चालू ठेवा, आणि पुढे काय होईल हे मुलांना आधीच वहीत लिहायला सांगा.