रान कोणाचें?

आमच्या वसतिगृहांतील कांहीं मुलें डोंगराकडील गांवांहून येतात. गेल्या पावसाळ्यांत वनरक्षणाचा धडा चालूं असतां त्यांतील एकानें विचारिलें, "गुरुजी, रान सरकारी आहे, तें राखलें पाहिजे, हें खरें, पण मग आमच्या आईनें सरपण आणावें कोठून?" या प्रश्नाचें उत्तर एका वाक्यांत देण्यासारखें नव्हतें; म्हणून तें येथें देण्याचा आम्ही यत्न करीत आहों.

रान राखण्याची आवश्यकता कोणी नाकारणार नाहीं. डोंगरावरील झाडी गेली म्हणजे पावसाचें पाणी माती धुवून नेतें, झरे लवकर आटतात, आणि त्याचें फळ खालच्या शेतकऱ्यासही भोगावें लागतें. परंतु राखणें म्हणजे लोकांस बाहेर काढणें, असा अर्थ आपल्याकडे पुष्कळ काळ झाला.

इ. स. १८७८ च्या जंगल-कायद्यानें रानांच्या तीन जाती केल्या: राखीव, संरक्षित व गांवरान. १९२७ च्या कायद्यानें हीच वांटणी कायम ठेविली. राखीव रानांत परवानगीवांचून सर्व कांहीं मना. संरक्षित रानांत मनाई नसेल तें सर्व मोकळें. म्हणजे एका शब्दाच्या फरकानें, वाडवडिलांच्या वाटेनें गुरें नेणारा गुराखी गुन्हेगार ठरूं शकतो. हक्क सांगण्यास निदान तीन महिन्यांची मुदत असते, हें खरें. परंतु ज्यास अक्षरओळख नाहीं, त्यानें जाहीरनामा वाचावा कसा? आणि तिसरी जात तर बहुतेक ठिकाणीं कागदावरच राहिली.

या दुःखाचा उद्रेक १९३० सालीं झाला. जुलैंत पुसद येथें लोकनायक बापूजी अणे यांनीं राखीव रानांतील गवत कापून सत्याग्रह केला. २५ सप्टेंबर रोजीं उरण तालुक्यांतील चिरनेर येथें गोळीबार होऊन माणसें प्राणांस मुकलीं. गवत ही क्षुल्लक वस्तु खरी. पण ज्याच्या दावणीला भुकेलें जनावर आहे, त्यास ती क्षुल्लक नाहीं.

१९७२ च्या वन्यजीव-संरक्षण कायद्यानें राष्ट्रीय उद्यानांत गुरें चारण्यास पूर्ण मनाई केली. अभयारण्यांत मात्र चराईचें नियमन करण्याचा अधिकार अधिकाऱ्यास दिला. पुढें २००६ सालीं वनहक्क कायदा झाला. त्यानें पूर्वापार वापराचे हक्क मान्य केले, आणि त्यांबरोबर रान राखण्याचा अधिकार व जबाबदारी ग्रामसभेवर सोंपविली. मात्र १३ डिसेंबर २००५ नंतर रान तोडून केलेल्या शेतीस त्यानें आश्रय दिला नाहीं. हक्क आणि मर्यादा यांची सांगड ती हीच.

गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा-लेखा या गोंड वस्तीच्या गांवास २००९ सालीं सुमारें १८०० हेक्टर रानावरील सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ सालीं आपल्या बांबूचे वाहतूक-परवाने देण्याचा अधिकारही मिळाला. त्या गांवांत निर्णय बहुमतानें नव्हे, सर्वांच्या संमतीनें होतात. ज्या नियमास आपण स्वतः होकार दिला, तो मोडतांना माणूस शंभरदां विचार करितो. पहारेकऱ्याच्या काठीनें हें साधत नाहीं.

तेव्हां त्या मुलास आमचें उत्तर असें: आईनें सरपण रानांतूनच आणावें, परंतु वाळलेलें, पडलेलें आणि गरजेपुरतें. ओल्या झाडांसाठीं कुऱ्हाडबंदी, कोंवळ्या रोपांच्या भागांत कांहीं वर्षें चराईबंदी, आणि उरलेल्या भागांत पाळीपाळीनें चराई, हें गांवानें मिळून ठरवावें. जेथें केवळ बंदी असते तेथें चोरी वाढते; जेथें केवळ मोकळीक असते तेथें रान संपतें.

पालकांस आमची एक विनंति आहे. ग्रामसभेची सूचना लागली कीं ती मुलाकडून मोठ्यानें वाचवून घ्यावी. पूर्वीं जाहीरनामा न वाचतां आल्यामुळें ज्यांचे हक्क बुडाले, त्यांच्या नातवंडांस आज वाचतां येतें. शाळेचा याहून मोठा उपयोग आम्हांस तरी ठाऊक नाहीं.