कारखाने अधिनियम, १९४८ : मालकाची सुरक्षाविषयक कर्तव्ये

कारखाने अधिनियम, १९४८ हा कारखान्यातील कामगारांचे आरोग्य, सुरक्षितता, कल्याण आणि कामाचे तास यांचे नियमन करणारा भारतीय कायदा होय. तो १ एप्रिल १९४९ रोजी अंमलात आला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० हिने घेतली. असे असले तरी मालकाने कामगारांसाठी नेमके काय करावयाचे याविषयीची भारतातील बहुतेक नियमावली, निरीक्षणाची पद्धत आणि परिभाषा याच अधिनियमाभोवती वाढली असल्याने त्याचा अभ्यास आजही आवश्यक ठरतो. महाराष्ट्रात या अधिनियमाखाली महाराष्ट्र कारखाने नियम, १९६३ करण्यात आले व त्यांची अंमलबजावणी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे सोपविण्यात आली.

पूर्वपीठिका

भारतातील कारखानेविषयक कायद्याचा इतिहास मुंबईच्या कापडगिरण्यांपासून सुरू होतो. १८७५ साली मुंबईत पहिला कारखाना आयोग नेमला गेला आणि १८८१ साली पहिला कायदा झाला. मुंबईतील स्वस्त मजुरीची स्पर्धा लँकेशायरच्या गिरणीमालकांना जाचू लागली होती, हेही या कायद्यामागचे एक कारण होते. तेव्हा त्याचे सारे श्रेय निव्वळ भूतदयेला देता येत नाही. हा कायदा शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या, यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांनाच लागू होता. सात वर्षांखालील मुलांना कामास बंदी आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तास काम, अशी त्याची मर्यादा होती. प्रौढ कामगारांच्या तासांबद्दल त्यात काहीच नव्हते.

या उणिवेविरुद्ध नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि मागण्यांचे निवेदन कारखाना आयोगापुढे ठेवले. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती आणि वेळेवर पगार यांबरोबरच कामावर जखमी झालेल्या कामगारास बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे व तो कायमचा अपंग झाल्यास त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी, ही मागणी त्या निवेदनात होती. रविवारच्या सुटीची गोष्ट सर्वत्र सांगितली जाते (ती १० जून १८९० रोजी मान्य झाली). अपघाताविषयीची मागणी मात्र पाठ्यपुस्तकांतून सहसा गळते. वस्तुतः मालकाच्या जबाबदारीचा विचार मराठी मुलखात कामगारांच्या बाजूने इतक्या स्पष्टपणे तेथेच मांडला गेला.

पुढे १८९१, १९११, १९२२ आणि १९३४ साली नवे कायदे व सुधारणा झाल्या. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा अधिनियम आला, त्यात आरोग्य, सुरक्षा आणि कल्याण यांची स्वतंत्र प्रकरणे होती.

व्याप्ती आणि ‘भोगवटादार’

यांत्रिक शक्ती वापरली जात असेल तर दहा आणि नसेल तर वीस कामगार, ही ‘कारखाना’ ठरण्याची किमान मर्यादा होती. नऊ माणसांची प्रेसची शेड या व्याख्येबाहेर राही आणि अशा शेडमध्ये बोटे तुटण्याचा धोका मोठ्या कारखान्यापेक्षा कमी नसे. नव्या संहितेने ही मर्यादा अनुक्रमे वीस आणि चाळीस अशी वाढविली आहे. म्हणजे कारखानाविषयक तरतुदींच्या कक्षेबाहेर राहणाऱ्या लहान उद्योगांची संख्या त्यामुळे वाढते, आणि संहितेवरील मुख्य आक्षेपांपैकी हा एक आहे.

कायद्यातील जबाबदार व्यक्तीस अधिकृत मराठीत ‘भोगवटादार’ म्हणतात. हा शब्द जमीनमहसुलाच्या परिभाषेतून परिचित असल्याने वाचकाचा गोंधळ होण्याचा संभव असतो. येथे त्याचा अर्थ कारखान्याच्या कारभारावर ज्याचे अंतिम नियंत्रण आहे ती व्यक्ती असा आहे. पूर्वी मोठ्या कंपन्या एखाद्या अधिकाऱ्यास भोगवटादार म्हणून पुढे करीत आणि खटला झाल्यास तोच पिंजऱ्यात उभा राही. १९८७ च्या सुधारणेने कंपनीच्या बाबतीत संचालकांपैकीच कोणीतरी भोगवटादार मानला जाईल असे ठरविले. या तरतुदीस आव्हान दिले गेले असता सर्वोच्च न्यायालयाने जे. के. इंडस्ट्रीज प्रकरणात १९९६ साली ती वैध ठरविली. नफ्याविषयी निर्णय घेणारा आणि सुरक्षेविषयी उत्तर देणारा माणूस एकच असावा, हे त्यामागील तत्त्व आहे.

कलम ७-क : सर्वसाधारण कर्तव्य

१९८७ साली घातलेले कलम ७-क हे मालकाच्या कर्तव्यांचे सार मानता येईल. कामावर असताना सर्व कामगारांचे आरोग्य, सुरक्षितता आणि कल्याण ‘वाजवीरीत्या शक्य असेल तितके’ सांभाळणे हे त्यानुसार भोगवटादाराचे कर्तव्य आहे. यंत्रसामग्री व कामाच्या पद्धती सुरक्षित ठेवणे, पदार्थांची हाताळणी, साठवण व वाहतूक निर्धोक करणे, माहिती, शिक्षण व देखरेख पुरविणे, ये-जा करण्याच्या वाटा सुरक्षित ठेवणे आणि सुरक्षाविषयक धोरण लेखी स्वरूपात मांडून ते कामगारांच्या नजरेस आणणे, असा त्याचा विस्तार आहे.

‘वाजवीरीत्या शक्य’ ही शब्दयोजना ब्रिटनच्या १९७४ च्या कायद्यावरून आली. तिचा अर्थ त्याआधीच, १९४९ मध्ये, एका इंग्लिश न्यायालयाने कोळसा मंडळाविरुद्धच्या दाव्यात सांगितला होता. धोका एका पारड्यात आणि तो टाळण्यास लागणारा पैसा, वेळ व कष्ट दुसऱ्या पारड्यात घालावेत. धोक्याच्या मानाने खर्च अगदीच अवाढव्य असेल तरच मालकाची सुटका होते. ‘परवडत नाही’ एवढे सांगणे पुरत नाही.

आरोग्यविषयक तरतुदी

आरोग्याच्या प्रकरणातील मापे इतकी नेमकी आहेत की ती वाचताना आश्चर्य वाटते. अधिनियमानंतर बांधलेल्या कारखान्यात प्रत्येक कामगारामागे किमान १४.२ घनमीटर जागा हवी आणि ती मोजताना जमिनीपासून ४.२ मीटरपेक्षा उंचावरची पोकळी धरावयाची नाही. उंच छपराच्या शेडमध्ये माणसे दाटीवाटीने कोंबून कागदावर हिशेब जुळविता येऊ नये म्हणून ही अट आहे. भिंतींना चुन्याची सफेदी दर चौदा महिन्यांतून एकदा द्यावयाची असते. पिण्याच्या पाण्याची जागा मुतारी, शौचालय, धुण्याची जागा वा उघडे गटार यांपासून सहा मीटरच्या आत नसावी. २५० पेक्षा अधिक कामगार असल्यास उन्हाळ्यात पाणी थंड करून द्यावे. पाण्याच्या ठिकाणी ‘पिण्याचे पाणी’ ही अक्षरे बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लिहिलेली हवीत.

भाषेची हीच अट अधिनियमाच्या गोषवाऱ्याच्या फलकासही लागू आहे. आजच्या औद्योगिक वसाहतींत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून आलेल्यांची संख्या मोठी असते. अशा कारखान्यात धोक्याची सूचना केवळ मराठीत लावणे कितीही स्वाभाविक वाटले तरी कायद्याच्या हेतूस पुरे पडत नाही. मराठीचा आग्रह धरणाऱ्यांनीही हे समजून घ्यावयास हवे, कारण येथे प्रश्न अस्मितेचा नसून हात शाबूत राहण्याचा आहे.

धुळीविषयीचे कलम १४ विशेष महत्त्वाचे आहे. धूळ वा धूर जेथे उत्पन्न होतो तेथेच, उगमाच्या शक्य तितक्या जवळ, तो ओढून घेणारी व्यवस्था करावी असे ते सांगते. कामगाराच्या नाकावर फडके बांधणे हा त्याला पर्याय नाही. सुरक्षाशास्त्रातही उपायांचा हाच क्रम मानला जातो: धोका मुळातूनच काढून टाकावा, ते जमत नसल्यास कमी घातक पदार्थ वा पद्धत वापरावी, त्यानंतर धोका बंदिस्त करावा वा शोषून घ्यावा, मग कामाच्या पाळ्या व पद्धती बदलाव्यात, आणि मुखवटा, हातमोजे, चष्मा ही साधने सर्वांत शेवटी. प्रत्यक्षात क्रम उलटा लागतो, कारण मुखवटा स्वस्त असतो आणि तो न घातल्याचा दोष कामगारावर टाकता येतो.

हे उगमाशी रोखणे का आवश्यक आहे ते धुळीच्या रोगांवरून कळते. दगड फोडताना, काच वा ओतकामाच्या वाळूशी काम करताना उडणारी सिलिकाची सूक्ष्म धूळ फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो. त्यावर बरा करणारा उपचार नाही आणि धुळीपासून दूर गेल्यावरही रोग वाढू शकतो. खोदकाम करताना पाण्याची धार सोडण्यासारखा साधा उपाय ही धूळ बऱ्याच अंशी दाबून टाकतो. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसचे लक्षण मात्र वेगळे आहे. सुटीनंतर कामावर रुजू होण्याच्या पहिल्या दिवशी, बहुधा सोमवारी, छाती आवळल्यासारखी वाटते. आठवडाभरात ते ओसरते, म्हणून सुरुवातीस कोणी लक्ष देत नाही. हे दोन्ही रोग अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत आहेत. त्या यादीतील रोग आढळल्यास व्यवस्थापकाने आणि रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरनेही कारखाने निरीक्षक विभागास कळविणे बंधनकारक आहे.

सुरक्षाविषयक तरतुदी

यंत्राच्या हलत्या व धोकादायक भागांस भक्कम संरक्षक आवरण असावे आणि यंत्र चालू असेतो ते जागेवरून हलवू नये, असे कलम २१ सांगते. चालू यंत्राला तेल देणे वा पट्टा चढविणे हे काम खास शिकविलेल्या, अंगास घट्ट बसणारे कपडे घातलेल्या प्रौढ पुरुष कामगारानेच करावे, असे कलम २२ मध्ये आहे. सैल सदरा, उपरणे वा पदर फिरत्या शाफ्टमध्ये सापडून झालेल्या अपघातांचा अनुभव या अटीमागे असावा. उद्वाहकांची तपासणी दर सहा महिन्यांनी आणि क्रेन व अन्य उचल-यंत्रांची दर बारा महिन्यांनी सक्षम व्यक्तीकडून करून घ्यावी लागते.

कलम ३६ टाक्या, खड्डे, नळ व तत्सम बंदिस्त जागांविषयी आहे. विषारी वायू असण्याचा संभव असलेल्या जागेत पुरेशा आकाराचे प्रवेशद्वार असल्याशिवाय कोणास उतरविता येत नाही. आतील हवा तपासून सक्षम व्यक्तीने लेखी दाखला दिलेला असावा; अन्यथा उतरणाऱ्याने श्वसनयंत्र लावून कमरेस पट्टा बांधावा आणि पट्ट्याला जोडलेल्या दोराचे दुसरे टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हाती असावे. दोराची ही अट किरकोळ वाटते. परंतु अशा अपघातांत पहिला माणूस कोसळलेला पाहून दुसरा त्याला वाचविण्यास आत उडी घेतो व तोही बळी पडतो, हे पुन्हा पुन्हा घडते. दोर असेल तर त्याला आत उतरावेच लागत नाही.

एक हजार वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी, प्रत्येक दीडशे कामगारांमागे प्रथमोपचाराची पेटी आणि पाचशेहून अधिक कामगार असल्यास रुग्णवाहिका कक्ष, याही तरतुदी आहेत.

भोपाळनंतर

२ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळ येथे मिथाइल आयसोसायनेट वायूची गळती झाली. कारखान्यात काय साठविले आहे याची आसपासच्या वस्तीस कल्पना नव्हती. १९८७ च्या सुधारणेने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांचे नवे प्रकरण आले ते या पार्श्वभूमीवर. धोक्याची व त्यावरील उपायांची माहिती कामगार, मुख्य निरीक्षक, स्थानिक प्राधिकरण आणि परिसरातील जनता यांना देणे मालकावर बंधनकारक झाले. आपत्कालीन आराखडा, कामावर घेण्यापूर्वी व नंतर बारा महिन्यांच्या आत वैद्यकीय तपासणी, आणि कामगारांचे समसमान प्रतिनिधित्व असलेली सुरक्षा समिती यांचीही सक्ती झाली. कलम ४१-ज ने कामगारास संभाव्य धोका मालकाच्या आणि त्याच वेळी निरीक्षकाच्या निदर्शनास आणण्याचा हक्क दिला. धोकादायक प्रक्रियांसंबंधीच्या उल्लंघनास सात वर्षांपर्यंत कारावास व दोन लाख रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा होती.

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ॲस्बेस्टॉसच्या संदर्भात दिलेल्या निकालात कामगाराचा आरोग्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले.

२०२० ची संहिता

नव्या संहितेत तेरा कायदे एकत्र केले आहेत. प्रत्येक कर्मचाऱ्यास नेमणूकपत्र, विहित वयाच्या वा वर्गाच्या कर्मचाऱ्यांची मालकाच्या खर्चाने वार्षिक आरोग्य तपासणी, आणि सुरक्षा अधिकाऱ्यासाठी हजारऐवजी पाचशे कामगारांची (धोकादायक प्रक्रियेत अडीचशेची) मर्यादा या तिच्यातील जमेच्या बाजू होत. कर्तव्यातील कसुरीमुळे मृत्यू झाल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा किमान पाच लाख रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. त्या दंडाचा किमान निम्मा भाग मृताच्या वारसांस देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. निरीक्षकास आता ‘निरीक्षक तथा सुविधाकार’ असे नाव आहे. नवे नियम पूर्णतः लागू होईपर्यंत, संहितेशी विसंगत नसलेले जुने नियम चालू राहतात.