परीक्षा पंधरा हजारांची, क्लास दीड लाखाचा

ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेची ‘सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट’ ही परीक्षा द्यायला १५० डॉलर लागतात. करासकट पंधरा-सोळा हजार रुपये धरा. अभ्यासाचं बरंचसं साहित्य कंपनी स्वतःच फुकट देते. मायक्रोसॉफ्टचंही तेच, ‘मायक्रोसॉफ्ट लर्न’वर ॲझ्युअरचे धडे मोफत वाचायला मिळतात. मग याच परीक्षांची तयारी करून घेणारे बूट कॅम्प लाख-दीड लाख, काही ठिकाणी त्याच्या दुप्पट-तिप्पट, कशाचे घेतात? डेमो लेक्चरनंतर काउन्सिलरच्या केबिनमध्ये हा प्रश्न विचारला की उत्तर एका शब्दात मिळतं. प्लेसमेंट.

त्या शब्दाची किंमत कागदावर मांडून बघू. फी दीड लाख. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सत्तावीस हजार. झाले एक लाख सत्त्याहत्तर हजार. मुलगा परभणीहून किंवा यवतमाळहून पुण्यात आला असेल तर सहा महिन्यांचं कॉट बेसिसचं भाडं, मेस आणि बसचा पास वेगळा. समोरच्या रकान्यात काय आहे? मोठ्या सर्व्हिस कंपन्यांमध्ये फ्रेशरचं पॅकेज गेली दहा-बारा वर्षं साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळतंय. हातात येतात महिन्याला पंचवीस-सव्वीस हजार. म्हणजे नुसती फी भरून निघायला सात महिन्यांचा पगार, आणि तोही नोकरी लागली तर.

तरीही सर्टिफिकेटने नोकरीचं दार उघडणार असेल तर हा सौदा वाईट म्हणता येणार नाही. अडचण अशी, की या कागदाची खरी गरज ज्याला असते तो नोकरीच्या आतला माणूस असतो, दाराबाहेर उभा असलेला नव्हे. नेटवर्कची यंत्रं बनवणाऱ्या सिस्कोने १९९३ मध्ये सीसीआयई आणि १९९८ मध्ये सीसीएनए ही सर्टिफिकेट सुरू केली, ती आपली यंत्रं विकणाऱ्या, बसवणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या माणसांची पारख व्हावी म्हणून. आजही सिस्को किंवा ॲमेझॉनच्या पार्टनर कंपनीला वरचा दर्जा हवा असेल, तर आपल्याकडे अमुक इतकी सर्टिफाइड माणसं आहेत हे दाखवावं लागतं. दर्जा वाढला की सवलती वाढतात, कामं मिळतात. म्हणून हिंजवडीतल्या सपोर्ट टीममध्ये चार वर्षं काढलेल्या मुलीला तिचा मॅनेजरच सांगतो, “अगं, ॲझ्युअरची परीक्षा देऊन टाक, फी कंपनी देईल.” तिच्यासाठी हा कागद सोन्याचा आहे. पुढचा प्रोजेक्ट, बेंचवरून सुटका, दुसऱ्या कंपनीत जाताना पगाराची बोलणी, सगळीकडे तो उपयोगी पडतो. आणि तिच्या खिशातून एक रुपया गेलेला नसतो.

फ्रेशरची भरती वेगळ्या वाटेने होते. मोठ्या कंपन्या हजारो मुलं घेतात ती स्वतःची चाळणी परीक्षा लावून. गणिती कोडी, इंग्रजी, थोडं कोडिंग. निवडलेल्यांना त्या स्वतःच्या खर्चाने शिकवतात. इन्फोसिसने तर त्यासाठी म्हैसूरला अख्खं गावच वसवलंय. या वाटेवर क्लाउडच्या सर्टिफिकेटला फारसं कोणी विचारत नाही. आपल्याकडे मात्र २००१ पासून एमएस-सीआयटीने घराघरांत एक समजूत पक्की करून ठेवली आहे की सर्टिफिकेट जोडलं की अर्ज पुढे सरकतो. सरकारी भरतीत ते खरं आहे, तिथे तसा रकानाच असतो. खासगी आयटीत असा रकाना नसतो, हे आईवडिलांना समजावून सांगायला कोणताच काउन्सिलर जात नाही.

शिवाय हा कागद नाशवंत आहे. सीसीएनए तीन वर्षं चालतं, ॲमेझॉनचं सर्टिफिकेट तीन वर्षं, ॲझ्युअरचं असोसिएट पातळीचं एकच वर्ष. ॲझ्युअरचं नूतनीकरण फुकट असलं तरी ते आठवणीने करावं लागतं. शिकता शिकता आणि नोकरी शोधता शोधता दोन वर्षं गेली, तर दीड लाखाचा ऐवज वापरायच्या आधीच शिळा होत आलेला असतो.

मुलाखत घेणाऱ्यांचा या कागदांवर विश्वास का बसत नाही, याला जुना इतिहास आहे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी विंडोज एनटीच्या काळात मायक्रोसॉफ्टचं एमसीएसई सर्टिफिकेट घेतलेल्यांचं पेव फुटलं होतं. त्यातल्या अनेकांनी सर्व्हरला कधी हात लावलेला नव्हता. बाजारात त्यांना ‘पेपर एमसीएसई’ हेच नाव पडलं. ती जात अजून जिवंत आहे, कारण डम्प जिवंत आहेत. परीक्षेतले प्रश्न उत्तरांसकट बाहेर फिरतात, क्लासच्या ग्रुपवर पीडीएफ येते, मुलं पाठ करतात. दहावीच्या ‘अपेक्षित’चा हा परदेशी भाऊ. फरक इतकाच की इथे पकडलं गेल्यास परीक्षा घेणारी कंपनी सर्टिफिकेट रद्द करू शकते. आणि पकडलं नाही तरी मुलाखतीतला माणूस दुसऱ्याच मिनिटाला विचारतो, “हे नेटवर्क चार भागांत तोडून दाखव,” आणि पीडीएफ तिथेच संपते.

यापुढचा प्रकार मात्र सरळ गुन्हेगारीकडे झुकणारा आहे, आणि पुण्या-हैदराबादच्या आयटीत तो कोणाला नवा नाही. काही क्लासवाले फीमध्येच ‘एक्सपिरियन्स लावून देतो’ म्हणतात. न केलेल्या नोकरीचं पत्र, बनावट पगारपावत्या, दोन-तीन वर्षांचा अनुभव. फ्रेशर म्हणून बोलावणं येत नाही, अनुभवी म्हणून येतं, हा त्यामागचा तर्क. तर्क चालतो तो पार्श्वभूमी तपासणीपर्यंत. पीएफच्या यूएएन क्रमांकावर नोकऱ्यांची नोंद दिसते, आयकराच्या २६एएसमध्ये कापलेला कर दिसतो. जिथे काहीच दिसत नाही तिथे पत्र कितीही गुळगुळीत कागदावर असलं तरी मुलगा बाहेर पडतो, कधी कधी रुजू झाल्यावर वर्षभराने. पत्र देणाऱ्याची फी तोवर पचलेली असते.

पैसे एकरकमी नसतील तर क्लासच ईएमआय जुळवून देतो. हा ईएमआय क्लासचा नसतो. कर्ज एखाद्या वित्त कंपनीचं असतं, पूर्ण फी क्लासच्या खात्यात जमा होते आणि हप्ता विद्यार्थ्याच्या किंवा त्याच्या वडिलांच्या खात्यातून कटतो. मध्येच क्लास बंद पडला, शिक्षक बदलला, मुलाने सोडलं, तरी हप्ता थांबत नाही. चुकला तर सिबिल बिघडतं, आणि पाच वर्षांनी घरासाठी कर्ज मागायला गेल्यावर ते आठवतं.

‘आधी नोकरी, मग फी’ हा त्यावरचा गोड उपाय अमेरिकेत वापरून झाला आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या लॅम्ब्डा स्कूलने आधी काहीच न घेता शिकवायचं आणि वर्षाला पन्नास हजार डॉलरच्या वर पगार गेला की दोन वर्षं त्यातले १७ टक्के घ्यायचे, असं सूत्र काढलं. जाहिरातीत ७१ ते ८६ टक्के मुलांना नोकरी लागल्याचे आकडे झळकत होते. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक वित्त संरक्षण विभागाने आदेश काढला तेव्हा कळलं की संस्थेचे स्वतःचे आतले आकडे पन्नास टक्क्यांच्या जवळपास, काही तुकड्यांत तीसपर्यंत खाली होते. शिवाय या ‘कर्ज नसलेल्या’ योजनेला विभागाने कर्जच ठरवलं आणि संस्थेला कर्जव्यवहारातून कायमचं बाहेर काढलं.

मग सगळंच फोल आहे का? नाही. रेड हॅटची आरएचसीएसए ही लिनक्सची परीक्षा तीन तास चालू यंत्रावर काम करून द्यावी लागते, तिथे डम्प पाठ करून भागत नाही. अशा परीक्षेसाठी ज्याच्याकडे लॅब आहे, चांगला शिक्षक आहे त्याला पंधरा-वीस हजार देणं योग्यच. प्रकल्प व्यवस्थापनाच्या पीएमपी परीक्षेला बसण्याआधी ३५ तासांचं प्रशिक्षण दाखवावंच लागतं. आणि पुण्यातच अस्सल बूट कॅम्पचा एक जुना नमुना आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या आणि परम ८००० हा महासंगणक बांधलेल्या सी-डॅकचा सहा महिन्यांचा डॅक अभ्यासक्रम. सकाळपासून रात्रीपर्यंत पिळून काढतात, फी लाखाच्या आसपास पडते, आणि कंपन्या तिथे मुलं घ्यायला येतात. माझ्या मते त्याचं मोठं कारण सी-कॅट ही प्रवेश परीक्षा. पैसे आहेत म्हणून तिथे प्रवेश मिळत नाही. जो क्लास पैसे भरणाऱ्या प्रत्येकाला घेतो, त्याच्या दाराशी कंपनीने कशासाठी यावं?

म्हणून माझा सल्ला साधा आहे. नोकरीत असाल तर सर्टिफिकेशन जरूर करा, पण आधी एचआरला विचारा, पैसे बहुधा कंपनीच देईल. फ्रेशर असाल तर दीड लाख भरू नका. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर लिनक्स आणि पायथॉनचे धडे मराठीत, मोफत आहेत. एनपीटीईएलचा अभ्यासक्रम फुकट आणि परीक्षा हजार रुपयांत होते. तीन महिने त्यावर घालवा, स्वतःचं काहीतरी चालतं बनवा, आणि मगच ठरवा की क्लासची गरज आहे का. जायचंच असेल तर मागच्या बॅचमधली पाच मुलं स्वतः शोधून काढा. क्लासने दिलेली नकोत, ती निवडलेली असतात. फी परताव्याची अट लेखी घ्या आणि हप्ता नेमका कोणाला जाणार हे सही करण्याआधी वाचा.

आणि ‘शंभर टक्के जॉब गॅरंटी’ असं छापलेलं दिसलं तर त्याचा फोटो काढून ठेवा. नोकरीची किंवा निवडीची खोटी हमी देणाऱ्या कोचिंगच्या जाहिरातींना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून मनाई केली आहे. पावती, करारपत्र आणि तो फोटो जवळ असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. क्रमांक १९१५.