पडद्यावरील पहिल्या मायलेकी

सिनेमाचे नाव निघाले की आमच्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. ती अगदीच निष्कारण पडते असे आम्ही म्हणणार नाही. तथापि ज्या व्यवसायाला आपण इतक्या सहजपणे नावे ठेवतो, त्यात आपल्या देशात पहिले पाऊल टाकणाऱ्या स्त्रिया कोण होत्या आणि त्या तेथवर कशा आल्या, हे वाचकांपैकी थोड्यांसच ठाऊक असेल. त्या दोघी होत्या, मायलेकी. आईचे नाव दुर्गाबाई कामत, मुलीचे कमला. साल होते १९१३.

दादासाहेब फाळके यांनी त्याच वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ हा आपला पहिला मूकपट मुंबईत दाखविला होता. आमच्या वाचकांस हे ऐकून कौतुक वाटेल की, फाळक्यांच्या मनात चित्रपट काढण्याची ओढ उत्पन्न झाली ती प्रभू येशूच्या चरित्रावरील एक परदेशी मूकपट मुंबईत पाहून. ख्रिस्ताचे जीवन पडद्यावर दिसू शकते, तर आपल्या पुराणांतील देवदेवता का दिसू नयेत, असा विचार त्यांच्या मनाने घेतला. पत्नी सरस्वतीबाई यांनी अंगावरचे दागिने दिले, सर्व मंडळींचा स्वयंपाक केला आणि फिल्मला भोके पाडण्याचे कंटाळवाणे कामही रात्री बसून केले. पण हरिश्चंद्राची राणी तारामती कोठून आणावयाची? फाळक्यांनी पुष्कळ शोध केला. इतकेच नव्हे, तर जेथे सभ्य गृहस्थ उघडपणे जात नाहीत अशा वस्तीतही ते जाऊन आले. पण तेथील बायकांनीही नकार दिला! शेवटी एका उपाहारगृहात काम करणारा अण्णा साळुंके नावाचा नाजूक अंगकाठीचा तरुण तारामती झाला. हाच साळुंके पुढे १९१७ च्या ‘लंका दहन’ मध्ये राम आणि सीता दोन्ही झाला, आणि त्यात कोणास काही वावगे वाटले नाही.

वावगे वाटण्याचे कारणही नव्हते. नाटकातही तीच रीत होती. बालगंधर्वांचा शालू, त्यांची अंबाड्याची ठेवण, त्यांचे चालणे यांचे अनुकरण खानदानी स्त्रिया करीत. पुरुषाने लुगडे नेसून रंगभूमीवर यावे, लोकांनी टाळ्या वाजवाव्यात, परंतु तेच लुगडे नेसून खरी बाई पुढे आली तर तिचे नाव टाकावे, हा त्या काळचा न्याय. गोव्याच्या वाचकांस आपल्या तियात्राची आठवण होईल. तेथेही आरंभी पुरुषच स्त्रिया होत असत. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी जुआंव आगुश्तीन फर्नांडिस यांनी आपल्या पत्नी रेजिना यांनाच तियात्रात उभे केले. परंतु रेजिनाबाईंच्या शेजारी पती उभा होता. दुर्गाबाईंच्या शेजारी कोणीच नव्हते.

दुर्गाबाई ब्राह्मण घराण्यातील. पतीपासून त्या विभक्त झाल्या. त्यास कारण काय घडले, हे शोधीत बसणे आम्हांस रुचत नाही. पदरी एक लहान मुलगी आणि जवळ काही नाही, एवढे कळले म्हणजे पुरे. अशा स्त्रीस त्या दिवसांत कोणते मार्ग होते? दुसऱ्याच्या घरी स्वयंपाकपाणी करावे, माहेरच्या कोपऱ्यात दबून राहावे, किंवा त्याहूनही वाईट. दुर्गाबाईंनी यांतले काहीच पत्करले नाही. त्या फिरत्या नाटक कंपनीत गेल्या. जातीने त्यांना वाळीत टाकले.

कंपनीचे बिऱ्हाड म्हणजे आज या गावी, उद्या त्या गावी. कमलेस शाळा अशी लाभलीच नाही. वयाच्या चौथ्या वर्षी ती रंगभूमीवर आली असे सांगतात. इतर मुली जेथे बाराखडी घोकतात, तेथे तिने नाटकातील पदे घोकली. कंपन्यांची वाट बेळगाव, हुबळी, बडोदे, इंदूर अशी असे. आमच्या वाचकांपैकी कोणाच्या आजोबांनी तिकीट काढून ही पोर पाहिली असणे अशक्य नाही.

फाळक्यांचा दुसरा चित्रपट ‘मोहिनी भस्मासुर’. त्यात दुर्गाबाई पार्वती झाल्या आणि बारा-तेरा वर्षांची कमला मोहिनी झाली. कथा सर्वांच्या परिचयाची आहे. ज्याच्या मस्तकावर हात ठेवावा तो भस्म होईल असा वर असुराला मिळतो. मग विष्णू स्त्रीरूप घेऊन त्याला नाचावयास लावतो आणि नाचता नाचता असुर स्वतःच्याच मस्तकावर हात ठेवून बसतो. यातील गंमत आमच्या ध्यानात उशिरा आली. कथेतील मोहिनी ही वस्तुतः स्त्री नव्हेच, स्त्रीवेष घेतलेला देव! पुरुषाने करावयास त्याहून सोयीची भूमिका ती कोणती? आणि नेमकी तीच एका खऱ्या मुलीच्या वाट्यास आली.

त्या वेळी चित्रीकरण उन्हाच्या उजेडात होई, कॅमेऱ्याची मूठ हाताने फिरवावी लागे, आणि चित्रपटास वाणी नव्हती. गळ्यावर पोट भरणाऱ्या या मुलीला येथे एक शब्दही उपयोगी नव्हता. जे सांगावयाचे ते डोळ्यांनी आणि हातांनी. बोलपटास अजून अठरा वर्षे अवकाश होता.

पडद्यावरील हे पहिलेपण मायलेकींना पुरले नाही, आणि त्यांनी त्याचा मोठेपणाही मानला नाही. त्या पुन्हा नाटकाकडे वळल्या. कमलेचा विवाह रघुनाथराव गोखले या नटाशी झाला. किर्लोस्कर कंपनी सोडून ते आपल्या भावाच्या नाटक कंपनीत आले होते, आणि तेथेच कमलाबाई प्रमुख भूमिका करू लागल्या. संसार झाला, मुले झाली, नाव झाले. मग रघुनाथराव गेले. कमलाबाई तेव्हा पंचवीस वर्षांच्या आसपास होत्या. दोन मुले पदरी आणि तिसरे पोटात.

येथे आम्हांस क्षणभर थांबावेसे वाटते. आईवर जो प्रसंग आला होता, तोच निराळ्या रूपाने मुलीवर आला. केशवपन, अंधारी खोली, दुसऱ्याच्या चुलीपुढील जन्म, हे त्या काळच्या विधवेच्या वाट्यास येई. कमलाबाईंनी आईचे पाहिले होते. त्या तोंडास रंग लावून पुन्हा उभ्या राहिल्या. पुढे स्त्रियांच्याच नाटकमंडळीत त्यांनी पुरुषांच्याही भूमिका केल्या. साळुंक्याने सीता व्हावे यात नवल वाटत नसेल, तर यातही वाटू नये. १९३१ नंतर बोलपट आले, तेव्हा त्यांतही त्यांनी कामे केली. सर्व मिळून सुमारे पस्तीस चित्रपट झाले. तिन्ही मुलगे कलेतच वाढले. चंद्रकांत नावाजलेले नट झाले, तर लालजी आणि सूर्यकांत यांनी तबल्यात नाव मिळविले. चंद्रकांतांचे चिरंजीव विक्रम गोखले यांना मराठी आणि हिंदी प्रेक्षकांनी २०२२ साली त्यांचे निधन होईतो पाहिले. ज्या बाईस जातीने पंक्तीतून उठविले, तिच्या नातवा-पणतूंनी महाराष्ट्राच्या घराघरांत जागा मिळविली.

कमलाबाई नव्वदी ओलांडून जगल्या. त्या नव्वदीत असताना रीना मोहन यांनी त्यांच्यावर एक माहितीपट काढला. त्यात त्या आपली हकिकत स्वतःच्या तोंडाने सांगतात. वयाने शरीर थकलेले, पण जुन्या नाटकांची याद ताजी.

त्यांचा शेवटचा चित्रपट १९८० सालचा ‘गहराई’. त्यात एका मुलीची महत्त्वाची भूमिका होती, आणि ती पद्मिनी कोल्हापुरे हिने केली. पद्मिनी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची होती. मोहिनी होताना कमला हिच्याहून थोडी लहानच होती. या मुलीच्या नावापुढे कोणी आठी घातली नाही, आणि तिच्या आईस कोणी पंक्तीतून उठविले नाही.