अठरा पूर्ण झाली. यादीत नाव लागले का?

१९१९ साली बाबासाहेबांनी साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांसाठी मताधिकार मागितला. १९८९ मध्ये मतदाराचे वय २१ वरून १८ झाले. तरी नांदेड-लातूरच्या वस्त्यांत मुलगी कॉलेजात शिकते आणि मतदारयादीत तिचे नाव नसते!

पूर्वी १ जानेवारीला अठरा पूर्ण नसतील, तर पुढचे वर्ष उजाडेपर्यंत थांबावे लागे. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरतात. सतरा पूर्ण होताच नमुना ६ आगाऊ भरता येतो. सून लातूरहून नांदेडला आली, तर पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ भरावा.

ऊसतोडीला निघण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाचे नाव बीएलओकडे तपासा. ओळखपत्र पेटीत असून भागत नाही. नाव यादीत असेल तरच मत देता येते.